वेढ्याचें चित्र आणि निवडलेला दिवस

अर्नाळ्याच्या पुळणीवरून समोरच्या बेटावरील किल्ला पाहतांना १७३७ सालीं पेशव्यांनीं तो बांधविल्याचें अभिमानानें सांगितलें जातें. १७८१ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला, हें सांगण्यास कोणी फारसें उत्सुक नसतें. विजय तेवढा स्मरणांत ठेवावा, ही मनुष्याची रीतच आहे. तिचा एक भव्य नमुना म्हणजे फ्रांझ रूबो या रशियन चित्रकाराचें सेवास्तोपोलच्या वेढ्याचें चित्र.

काळ्या समुद्रावरील या बंदरास इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क सैन्यांनीं १८५४-५५ मध्यें सुमारें अकरा महिने वेढा दिला. त्यांतून रूबोनें १८ जून १८५५ हा एकच दिवस निवडला. ११५ मीटर लांब व १४ मीटर उंच पट गोल इमारतींत चोहोंकडे ताणलेला, आणि प्रेक्षक मध्यभागीं, जणूं मालाखोव्ह टेकडीवरच! पटापुढें खरी माती व खऱ्या वस्तु अशा मांडल्या आहेत कीं, वस्तु कोठें संपली आणि रंग कोठें लागला, हें नजरेस उमगूं नये. प्रेक्षकास वेढलेल्यांपैकींच एक करणारी ही योजना असामान्य आहे. शिवाय सेनापतींबरोबर पाणी वाहणारी स्त्री व जखमींवर उपचार करणारा वैद्यही येथें आहे, हें आम्हांस विशेष मोलाचें वाटतें.

परंतु त्या दिवशीं हल्ला परतला. ८ सप्टेंबरला तीच टेकडी फ्रेंचांनीं घेतली आणि रशियनांनीं शहराचा दक्षिण भाग सोडला. चित्रास एकच क्षण लाभतो हें खरें. पण तो कोणता, हें चित्रकारच ठरवितो. त्याच वेढ्यांत तोफखान्यावर असलेल्या टॉलस्टॉयनें आपल्या लेखनाचा शेवट माघारीनें केला, म्हणून त्याच्या सैनिकांचें शौर्य उणें झालें काय? उलट तें अधिक मानवी झालें.

दैवाचा खेळ असा कीं, १९०५ मध्यें लोकांस खुलें झालेलें हें चित्र १९४२ च्या दुसऱ्या वेढ्यांत बाँबनें पेटलें. जळत्या इमारतींतून वांचविलेल्या तुकड्यांच्या आधारें तें पुन्हां रंगवून १९५४ मध्यें उभारण्यांत आलें. रूबोनें टाळलेला पराजय त्याच्या पटासच भोगावा लागला.

आमच्या चित्रकारांनीं वसईचा १७३९ चा विजय अवश्य रंगवावा. पण डिसेंबर १७८० मध्यें वसई पडल्यावर अर्नाळ्याच्या तटावर उभे असलेले शिबंदीचे लोकही आमचेच होते. त्यांच्या मुखावरील भाव ज्या कुंचल्यास साधेल, त्यास आम्हीं अधिक मोठा म्हणूं.