वैफल्याची उपपत्ती आणि तिच्यातून गळालेली जात

दलित कवितेतल्या संतापाला ‘वैफल्याचा उद्रेक’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या समीक्षकांची खोड जुनी आहे. वैफल्य आणि आक्रमकता यांची सांगड ज्या पुस्तकाने घातली, ते मात्र त्यांच्यापैकी फारसे कुणी उघडलेले दिसत नाही.

जॉन डोलार्ड आणि येल विद्यापीठातील त्याचे चार सहकारी यांनी १९३९ साली ही उपपत्ती मांडली. इच्छेच्या आड काही आले की वैफल्य येते आणि प्रत्येक आक्रमक कृतीच्या मुळाशी असे वैफल्य असते. अडथळा बलवान असेल, शिक्षेचे भय असेल, तर राग दुबळ्याकडे वळतो. पुढच्याच वर्षी हॉवलंड आणि सीअर्स यांनी आकडे दिले : अमेरिकेच्या दक्षिणेत १८८२ ते १९३० या काळात कापसाचे भाव पडले की काळ्यांना झुंडीने ठार मारण्याचे प्रकार वाढत. १९४६ साली मिंट्झने ही आकडेमोड तपासली, तेव्हा तो संबंध बराच सैल निघाला.

पण घटकाभर आकडे खरे धरू. कापसाचा बाजार कुणाच्या हाती लागत नाही, हे कबूल. मग राग काळ्यावरच का वळावा? दुबळे गोरेही होतेच की! कुणाला मारले तर शिक्षा होत नाही, हे मारणाऱ्याच्या मनाने ठरवलेले नव्हते. शेरीफने आणि गोऱ्या ज्युरीने ते आधीच ठरवून ठेवले होते.

नवल म्हणजे डोलार्डला हे ठाऊक होते. दक्षिणेतल्या एका गावावरील त्याच्या १९३७ सालच्या पुस्तकाच्या नावातच ‘कास्ट’ हा शब्द आहे, आणि गोऱ्यांना मिळणारे आर्थिक, लैंगिक व प्रतिष्ठेचे लाभ त्यात मांडले आहेत. दोन वर्षांत लाभ मागे पडला आणि वैफल्य पुढे आले.

आपल्याकडे खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना झुंडीने मारले. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यामागे जात नव्हे, सूड मानला. सूड कशाचा? त्या घरातल्या बाईने मारहाणीच्या एका प्रकरणात जबानी दिली होती, त्याचा. तिच्या जबानीने ज्यांच्या इच्छेला अडथळा झाला, त्यांची इच्छा तरी काय होती?

दलित कवितेतला राग तर अडथळ्याकडेच तोंड करून उभा आहे. गावकूस, पाणवठा, धर्मग्रंथ यांची ती नावे घेते. डोलार्डच्या हिशेबानेही तो दुबळ्याकडे वळलेला राग नव्हे. या कवितेवर लिहिताना ज्याला ‘वैफल्य’ हा शब्द वापरायचा असेल, त्याने अडथळा कोणता, तेही त्याच वाक्यात लिहावे.