मृगाचे अरबी वर्ष : अद्भुतसृष्टीतील कालगणनेचा विचार

अरबी वळणाची अद्भुतसृष्टी रचायला घेणारा लेखक सहसा प्रथम नगराचा नकाशा आखतो, मग राजवंश, मग जिन्न आणि तिलिस्म. त्या जगातले महिने आणि ऋतू यांचा विचार झालाच तर अगदी शेवटी होतो. पंचांग ही तेथे सजावट ठरते : बारा सुश्राव्य नावे, दोन-चार उत्सव आणि जमल्यास आकाशात एक जास्तीचा चंद्र. मराठीतील अद्भुत वाङ्मयाकडे या बाजूने पाहिले असता एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. ज्या भाषेने अरबी कथांचे नवल मनापासून स्वीकारले, तिच्याच दप्तरांत अरबी कालगणना आणि दख्खनचा पाऊस यांचा मेळ घालणारे एक वर्ष काही शतके प्रत्यक्ष वापरात होते. कथेने मात्र त्याची दखल घेतली नाही.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणण्यास १८६१ मध्ये प्रारंभ केला. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. या परंपरेतील उपवने बहुधा फुललेलीच असतात. वादळ येते ते नायक-नायिकेची ताटातूट व्हावी म्हणून, शेत भिजावे म्हणून नव्हे. अरबी कथाचक्रातही ऋतूंना फारसे महत्त्व नाही, असा बचाव कोणी करील. तो अर्धाच खरा आहे. शहराजादचे आयुष्य एकेका रात्रीच्या मुदतीवर लांबत असते, म्हणून तेथे कालाचे परिमाण रात्र हेच आहे. तिला ऋतू मोजण्याइतकी सवड कोणी दिलेलीच नाही. तिच्या अनुकरणकर्त्यांनी ऋतूंचा अभाव तेवढा उचलला, त्या अभावामागचे भय उचलले नाही.

अरबस्तानाला ऋतूंचे भान नव्हते, असे तर मुळीच नाही. तेथे एकाच वेळी किमान तीन गणना नांदत होत्या. धर्मकृत्यांसाठी चांद्र हिजरी वर्ष, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. बदाऊनी टोळ्यांसाठी नक्षत्रांच्या उदयास्तांची ‘अनवा’ ही पद्धती. नवव्या शतकात इब्न कुतैबाने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दर्यावर्दी लोकांसाठी नवरोजपासून मोजलेले दिवस. पंधराव्या शतकातील नाविक इब्न माजिद गलबते हाकारण्याच्या वेळा याच दिवसांत सांगतो. अशा नेमून दिलेल्या वेळेला अरबीत ‘मौसिम’ म्हणत. मराठीतील मोसम आणि मोसमी वारे त्याच शब्दापासून आले आहेत.

अनवा पद्धतीत वर्षाचे अठ्ठावीस भाग पडतात, प्रत्येक सुमारे तेरा दिवसांचा, आणि त्या त्या भागाला पावसाचे वा वाऱ्याचे लक्षण चिकटलेले असते. रोहिणी, मृग, आर्द्रा अशी नक्षत्रे मोजणाऱ्या आणि प्रत्येकाचे वाहन बेडूक आहे की म्हैस हे पंचांगात पाहणाऱ्या मराठी शेतकऱ्याला ही पद्धती परकी वाटण्याचे कारण नाही. ऑगस्टच्या अखेरीस सुहैल तारा पहाटे दिसू लागला की अरबस्तानात उन्हाळ्याची धग ओसरल्याचे मानतात. हाच आपला अगस्त्य. त्याच्या उदयाने गढूळ पाणी निवळते, हा संकेत संस्कृत काव्यात रूढ आहे आणि कालिदासाने ‘रघुवंशा’त तो योजला आहे. एकाच ताऱ्याने एके ठिकाणी ताप शमतो आणि दुसरीकडे पूर. कल्पित जगाचे ऋतू रचणाऱ्याने नवा तारा निर्माण करण्यापूर्वी या एका ताऱ्याकडे नीट पाहावे.

हिजरी महिन्यांची नावे तर स्वतःच एक कथा आहेत. रमजानच्या मुळाशी रखरखीत उष्म्याचा अर्थ आहे. जमादीचा संबंध गोठण्याशी जोडतात. रबी म्हणजे हिरवळीचा काळ. ही नावे पडली तेव्हा महिने ऋतूंशी बांधलेले असावेत. पुढे अधिक महिना धरण्याची रीत निषिद्ध ठरली. परंपरेनुसार हा निर्णय इ. स. ६३२ च्या अखेरच्या हजयात्रेच्या वेळचा. तेव्हापासून प्रत्येक महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत, साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. उष्म्याचे नाव धारण करणारा महिना ऐन थंडीत येतो आणि कोणी त्याचे नाव बदलत नाही. नाव एका ऋतूचे आणि अंगावर ऊन दुसऱ्याच ऋतूचे, ही स्थिती कोणत्याही जादूपेक्षा अधिक अद्भुत आहे. माणसाला एका आयुष्यात आपला जन्ममास सर्व ऋतूंत पाहता येतो. दीर्घायुषी असेल तर दोनदा.

या सरकण्याची झळ शेतसाऱ्याला बसते. चांद्र वर्षाने सारा मागितला तर मागणी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते आणि तेहतीस वर्षांत रयतेच्या माथी एक वर्ष जास्तीचे पडते. ज्या बगदादचे वैभव कथांनी गायिले, तेथेही ही अडचण होती. पिके हाती येण्यापूर्वीच वसुली होते, या तक्रारीवरून खलिफा मुतजिद याने इ. स. ८९५ मध्ये नवरोज पुढे ढकलून ११ जूनला नेला. हारून अल रशीदच्या वेषांतराच्या कथा घरोघर पोहोचल्या. हा नवरोज तारखांच्या अभ्यासकांपुरता राहिला.

दख्खनमध्ये याच अडचणीतून शुहूर सन निघाला. त्यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात शिरला, म्हणजे आजच्या हिशेबाने ७ वा ८ जूनला, की हे वर्ष सुरू होते. १३४४ च्या सुमारास हिजरी आणि शुहूर या दोहोंचा आकडा ७४५ असा एकच येतो. त्यावरून हा सन महंमद तुघलकाच्या कारकीर्दीत सुरू झाला असावा, असे अनुमान करतात. १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीस आणू पाहणाऱ्या सुलतानाच्या नावाशी हे वर्ष जोडले जावे, यात औचित्य आहे. राजधानी दख्खनमध्ये टिकली नाही, पण आकडा टिकला आणि तो पावसाला शरण गेला.

या सनाची रचना कोणत्याही कल्पकाला हेवा वाटावा अशी आहे. वर्ष सौर, महिने मात्र मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर असे चांद्र. आकडे अरबी शब्दांत आणि तेही एककापासून चढत जाणारे. शिवराज्याभिषेक झाला ते १६७४ चे वर्ष ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे पाच, सत्तर आणि हजार. महिना अर्ध्यावर असताना मृग लागतो आणि सन पालटतो. शिवाय सौर वर्षात चांद्र वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस अधिक असल्यामुळे तितक्या तारखा एकाच सनात दोनदा येतात, एकदा आरंभी आणि एकदा अखेरीस. अशी तारीख असलेले पत्र मृगाच्या पहिल्या सरींत लिहिले की पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, हे तारीख सांगत नाही. मजकुरातील नदी दुथडी आहे की कोरडी, यावरून ते ठरवावे लागते. एखादे वतन, एखादी शपथ, एखादा मृत्यू या अकरा दिवसांत घडला तर खरे वारस कोण? कथाकाराला याहून चांगले बीज कोणते हवे?

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’तून (१८९६) कालगणनेचा प्रचंड पसारा मराठी वाचकापुढे मांडला होता. वि. का. राजवाडे आयुष्यभर अशा तारखांच्या कागदांत वावरले. त्यांनीच १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव कादंबरीचा ऊहापोह केला. म्हणजे साधने आणि समीक्षा एकाच मेजावर होती. तरीही अद्भुताने वास्तवाचे पंचांग मागितले नाही. अरबी म्हणजे परके आणि रंजक, दप्तर म्हणजे आपले आणि रुक्ष, अशी मनाची वाटणी झाली होती. तिचे नुकसान दोन्ही बाजूंना सोसावे लागले.

नंतरच्या लेखनात जी. ए. कुलकर्णींचा ‘रमलखुणा’ (१९७५) हा अपवादाच्या जवळ जातो. रमल या शब्दातच वाळू आहे आणि तिच्यावर ओढलेल्या रेघांवरून वर्तविलेले भविष्य आहे. परंतु तेथील काल नियतीचा आहे, शेतसाऱ्याचा नाही. त्याला पंचांगाची गरज नाही आणि ते त्या लेखनाचे न्यून मानू नये. इंग्रजीत टोल्किनने १९५५ मध्ये आपल्या महाकादंबरीच्या परिशिष्टात हॉबिट लोकांचे वर्ष मांडले : तीस दिवसांचे बारा महिने, उरलेले दिवस महिन्यांबाहेर, आणि तारखांचे वार कायमचे ठरलेले. त्या सुखवस्तू, बागायतदार लोकांना हे नीटनेटकेपण शोभते. त्याची नक्कल अरबी वळणाच्या जगात केली की ते जग निर्जीव होते. हर्बर्टच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) अरबी शब्दकळा विपुल आहे, पण तेथील जीवन ऋतुचक्रापेक्षा पाण्याच्या अभावावर उभे आहे.

सुबक पंचांगाचे काय होते, याची साक्ष दिल्लीतच मिळते. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ऋतूंशी तिचे गणित चोख आहे. ती राजपत्रावर छापली जाते. पण तिच्या तारखेने कोणी पेरणी करीत नाही की मुलीचे लग्न ठरवीत नाही. साहांच्या विद्वत्तेला यामुळे उणेपणा येत नाही. बरोबर असणे आणि वसलेले असणे या दोन गोष्टी निराळ्या, इतकेच. शुहूर सन बरोबर नव्हता. तो वसलेला होता, म्हणून त्यात भांडणे, दिरंगाई, संशय सारे मावले.

याच दिल्लीत अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे राहत आणि तेथून पुण्याला पत्रे पाठवीत. १७३७ च्या वसंतात बाजीराव दिल्लीच्या वेशीपाशी येऊन धडकला, तेव्हा मोगल दरबारच्या कागदावर हिजरी ११४९ होते आणि मराठी कागदावर ‘सबा सलासीन मया अलफ’, म्हणजे ११३७. चंद्र एक, महिना एक, वर्षांत बारांचे अंतर. जूनच्या आरंभी सन पालटे तेव्हा पुण्याकडे वळिवाचे थेंब पडून गेलेले असत. दिल्लीत लू वाहत असे, आकाश धुळीने पिवळे, आणि पाऊस अजून तीन आठवडे दूर. दख्खनच्या पावसाने सुरू झालेले वर्ष वकिलाचा कारकून त्या धुळीत बसून कागदाच्या माथ्यावर लिहीत असे. रबिलावल त्या माथ्यावरून सरकत कधी हिवाळ्यात, कधी श्रावणात जाई. त्याच शब्दाचे दुसरे रूप, रब्बी, गावाकडच्या शेतात हरभऱ्यापाशी थांबलेले असे.