जुन्या व्हिडिओ-खेळांचा पाठनिर्णय

जुनी संहिता नव्याने सिद्ध करताना संपादकाला जो पाठनिर्णय करावा लागतो, तसाच निर्णय जुना व्हिडिओ-खेळ आजच्या पडद्यावर दाखविणारालाही करावा लागतो. जुने कन्सोल आणि नवा दूरचित्रवाणी संच यांच्यामध्ये बसविलेला कन्व्हर्टर हे केवळ जोडणीचे साधन मानले जाते. वस्तुतः तो भाष्यकार होय.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहणे इष्ट. जपान व अमेरिका येथील एनटीएससी पद्धतीत चित्राच्या ५२५ रेषा एकाआड एक अशा दोन खेपांत, सेकंदाला सुमारे ६० खेपांच्या गतीने, रेखल्या जात. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हसारखी (१९८८) यंत्रे मात्र बहुतेक खेळांत प्रत्येक खेप त्याच त्या रेषांवर रेखीत. दृश्य रेषा सुमारे २४० उरत, पण प्रत्येक खेप हे स्वतंत्र व पूर्ण चित्र असे. आजचे अनेक संच हा संकेत ओळखीत नाहीत. लागोपाठच्या दोन खेपांना ते अर्धी चित्रे समजून एकत्र विणतात. परिणामी, एक खेप सोडून एक खेप दाखवून विरळ भासविलेली सावली फणीच्या दातांसारखी फाटते किंवा अजिबात नाहीशी होते. हा उघड अपपाठ होय.

तो दूर करण्याचे कार्य ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर हे यंत्र उत्तम प्रकारे करते. संपूर्ण चित्र साठवून न ठेवता ते प्रत्येक रेषा २ ते ५ वेळा पुन्हा लिहिते. त्यामुळे बोटाखालची कळ आणि पडद्यावरील उडी यांत जाणवण्याजोगा विलंब ते स्वतः घालीत नाही. प्रत्येक रेषेतील नमुन्यांची संख्या कन्सोलच्या ठिपक्यांशी जुळविली, की ठिपका न् ठिपका स्वच्छ उभा राहतो.

येथवर मतभेदास जागा नाही. प्रश्न आहे तो या स्वच्छतेचा. ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) या खेळातील धबधबा एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी चितारलेला आहे. रंग व उजेड एकाच तारेतून नेणाऱ्या कॉम्पोझिट जोडणीत त्या पट्ट्या परस्परांत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. उपरोक्त यंत्र कॉम्पोझिट संदेश स्वीकारीतच नाही. त्याला चित्राचे घटक वेगवेगळे लागतात. साहजिकच पट्ट्या सुट्या राहतात आणि पाण्याचे गज होतात. वैदिक परंपरेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, कॉम्पोझिट हा संधींनी सांधलेला संहितापाठ आणि हे यंत्र देते तो पदपाठ. पदपाठाने पदे निश्चित होतात. पण म्हणून परंपरेने संहितापाठ टाकून दिला नाही.

तथापि, ‘अस्पष्ट तेच अस्सल’ असा उलट आग्रहही टिकणारा नाही. युरोपात स्कार्ट जोडणीमुळे तिन्ही रंग वेगवेगळे घेणारे संच त्याच काळी घरोघर होते. तेथील खेळाडूने सुट्या पट्ट्याही पाहिल्या आहेत. याचा अर्थ, या कृतींच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्द एकवचनी वापरता येत नाही. कृती ही केवळ कन्सोलमध्ये नाही. ती कन्सोल, तार आणि पडदा यांच्या संयोगात आहे.

म्हणून अशा खेळाचे चित्र अभ्यासात पुरावा म्हणून देताना जोडणीचा प्रकार, रेषांची पट आणि चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण यांचा निर्देश अवश्य व्हावा. तो नसेल, तर टीकाकार चित्रकाराच्या नावावर यंत्राचाच दोष किंवा गुण जमा करील.