बारच्या बिलावर वाजणारं संगीत

मुंबई-पुण्यात नव्या बँडला पहिली तारीख मिळते ती बहुधा मंगळवारची, नाहीतर बुधवारची. शुक्रवार-शनिवार डीजेचे आणि ‘बॉलिवूड नाइट’चे. त्या दिवशी टेबलं आपोआप भरतात, मग अनोळखी पोरांवर कोण कशाला डाव लावेल? आठवड्याच्या मधल्या वारी जागा तशीही रिकामीच असते. चौघंजण येऊन स्वतःची गाणी वाजवतो म्हणाले तर वाजवू देत. त्यांचे मित्र येतील, बिअर मागवतील, निदान विजेचं बिल तरी सुटेल. ज्याला आपण ‘इंडी सीन’ म्हणतो, तो गेली कित्येक वर्षं या हिशेबावर उभा आहे.

आणि तरीही, या शहरांत काय वाजतंय हे समजून घ्यायचं तर जावं लागतं ते अशाच बुधवारी. साउंडचेकची वेळ साडेपाचची ठरते आणि काम सातला सुरू होतं. ड्रमसेट सरकू नये म्हणून खाली एक जुनाट गालिचा पसरलेला असतो. बेस गिटारचा खर्जातला सूर लागला की कोणी हात न लावताही स्नेअरखालच्या तारा खुळखुळू लागतात. मग ड्रमर वाकून त्या सैल करतो. सेटलिस्ट मार्करने लिहून मॉनिटर स्पीकरला चिकटवलेली असते आणि त्यातलं चौथं गाणं ऐनवेळी खोडलेलं असतं. समोर साठ-सत्तर माणसं, त्यांतली निम्मी बँडच्या ओळखीची. स्टुडिओत बेसूर आवाज सुरात आणता येतो, ढिला ताल संगणकावर सरळ करता येतो. इथे दोन्हींची सोय नाही. बेसिस्ट आणि ड्रमर एकमेकांकडे बघून वाजवतात की आपापल्या घरी बसल्यासारखे, गाणं रंगलं की लय पळते का, तार तुटली की गायक गप्प होतो की श्रोत्यांशी चार शब्द बोलून वेळ मारून नेतो, हे सगळं दहा फुटांवरून दिसतं. समीक्षकाला याहून जास्त काही लागत नाही.

शोध लागतो तो एकातून दुसऱ्याचा. मुंबईत बँड पुष्कळ, पण वाजवणारे तेच ते. आज ज्याच्यासाठी आलो त्याचा ड्रमर पुढच्या आठवड्यात भलत्याच बँडमागे बसलेला सापडतो. ‘झीरो’ हा १९९०च्या दशकाअखेरीस आलेला मुंबईचा बँड घ्या. त्याचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा पुढे ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने शब्दांविना निव्वळ गिटारचं संगीत करू लागला. ड्रमर सिद् कूटोने ‘टफ ऑन टोबॅको’ काढला. ‘पेंटाग्राम’मधून विशाल ददलानी चित्रपटसंगीतात गेला, गिटारवादक रँडॉल्फ कोरियाने मोनिका डोग्राबरोबर ‘शायर अँड फंक’ उभा केला. ज्यांनी हे बँड छोट्या जागांत ऐकले, त्यांना पुढची नावं कोणी सुचवावी लागली नाहीत. म्हणून जाणकार श्रोता मुख्य बँडच्या तासभर आधी पोचतो; त्याला ओपनिंग ॲक्टमध्ये रस असतो.

पैशाची गोष्ट मात्र जुनी आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत चर्चगेट रस्त्यावरच्या रेस्तराँमध्ये रोज रात्री जॅझ वाजे. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. दिवसा फिल्मी स्टुडिओत ट्रम्पेट-सॅक्सोफोन, रात्री रेस्तराँत. ख्रिस पेरी आणि लॉर्ना ही कोंकणी संगीतातली जोडी अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये गाजली. तिथे पैसे मिळत ते जेवणाच्या बिलातून. मग आली सिगारेट: इम्पिरियल टोबॅकोने आपल्या सिमला सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली आणि तिच्यातून निघालेल्या १९७० व ७१च्या दोन तबकड्या आज संग्राहक शोधत फिरतात. त्या काळच्या भारतीय बीट ग्रुपांचा जो काही आवाज आपल्यापर्यंत पोचला, त्यातला बराचसा सिगारेटच्या जाहिरातीमुळे पोचला. आणि पुण्यात २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’च्या नावाआधी पुढे बरीच वर्षं एका रम कंपनीचं नाव लागत होतं. जेवण, धूर, दारू. बँडचं बिल भरणारा बदलला. श्रोत्याने ते स्वतः भरण्याची वेळ फारशी आलीच नाही.

अपवाद एक, आणि तो मोठा. धोबी तलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजला खेटून असलेलं खुलं प्रेक्षागृह, चार पावलांवर १८६५पासूनचं ‘फुर्तादोज’ हे वाद्यांचं दुकान. १९७८ची पहिली ‘जॅझ यात्रा’ इथेच झाली आणि सॉनी रोलिन्स इथे वाजवून गेला. १९८६मध्ये फरहाद वाडियाने ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला तोही इथेच. ‘रॉक मशीन’, म्हणजे नंतरचा ‘इंडस क्रीड’, ऐकायला उपनगरांतून पोरं लोकल पकडून येत. इथे बार नव्हता. तिकीट काढायचं, दगडी पायरीवर बसायचं आणि बँड आवडला नाही तर तसं मोठ्याने सांगायचं. पण आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि काही वर्षांतच रंगभवनातलं संगीत बंद पडलं. रुग्णांची बाजू रास्तच होती. चूक ही की त्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही, आणि फारशी कोणी मागितलीही नाही.

त्यानंतर बँड बंद दाराआड गेले. डिसेंबर २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ‘ब्लू फ्रॉग’ उघडला. तो काढणाऱ्यांत ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक हे दोन संगीतकार होते, आणि ते जागेवरून कळायचं. गोलाकार बैठका कमी-जास्त उंचीवर रचलेल्या, त्यामुळे मागे बसलेल्यालाही मंच दिसे. आवाजाची यंत्रणा अव्वल. एका पिढीचे कान तिथे तयार झाले. २०१६मध्ये तोही बंद झाला. गिरणगावात हे सगळं चाललं होतं ते जमिनीच्या भावाच्या छायेत, त्यामुळे आश्चर्य बंद पडण्याचं नाही, नऊ वर्षं टिकण्याचं आहे. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०१७ला, कमला मिल्समधल्या दोन पबना आग लागून १४ जणांचा जीव गेला. मग कारवाईचा बडगा उगारला गेला. हवाच होता, पण परवान्यांच्या ज्या चक्रात आडदांड पब सहज तरतात, त्यात साठ खुर्च्यांची खोली बुडते. मार्च २०२५मध्ये एका विनोदवीराच्या कार्यक्रमावरून खारच्या ‘द हॅबिटॅट’ची तोडफोड झाली, तेव्हा तर एका रात्रीत गाण्याच्या ओपन माइकचीही एक जागा दाराला कुलूप लावून बसली.

बारवर अवलंबून राहण्याचा सर्वांत मोठा तोटा मात्र दारातच उभा असतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५. त्यामुळे दारू मिळते त्या जागी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना सहसा आत घेतच नाहीत. ज्या वयात माणूस बँडसाठी वेडा होतो, गिटार विकत घ्यायला पैसे साठवतो, नेमक्या त्याच वयाला दारावरचा बाउन्सर ओळखपत्र मागून परत पाठवतो. या पोरांना बँड भेटतात ते रील्समध्ये, तीस-तीस सेकंदांचे.

याचा परिणाम कलेच्या घाटावरही झाला आहे आणि तिकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. बारमध्ये श्रोते बोलत असतात. त्यांच्यावर मात करायची तर एकतर आवाज वाढवावा लागतो किंवा गाणं ओळखीचं असावं लागतं. म्हणून मुंबईत मेटल जोमात वाढलं: ‘डेमॉनिक रिझरेक्शन’, ‘भयानक मौत’, ‘स्क्राइब’. त्यांच्यापुढे कोणी गप्पा मारूच शकत नाही. ‘स्क्राइब’ने तर पावभाजीवरच्या प्रेमाचं गाणं किंकाळीच्या सुरात गाऊन या शैलीला इथली विनोदबुद्धी दिली. याउलट पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्ज’सारख्या हळुवार, बारीक विणीच्या बँडचं २०१७मधलं ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ हेडफोनवर जितकं उलगडतं, तितकं ग्लासांच्या खणखणाटात उलगडणं अवघड. शब्दांवर उभी राहणारी गाणी तर या वातावरणात मरतातच. इथल्या बऱ्याच इंग्रजी बँडचे शब्द इतके गुळगुळीत का, याचं एक उत्तर हे आहे की ते कोणाला ऐकूच जात नव्हते. दुसरं उत्तर कमी सौम्य आहे: बरेच जण दादर-ठाण्यात राहून सिएटलच्या पावसावर गाणी लिहीत होते.

मराठी या बारमध्ये क्वचितच शिरली. तिने बाहेर जागा शोधल्या. ‘धम्म विंग्ज’ या आंबेडकरी विचारांच्या रॉक बँडला मंच मिळाला तो जयंतीच्या उत्सवांत, जिथे गाणाऱ्याला ऐकण्याची सवय शाहिरांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी आधीच लावून ठेवली होती. ‘अभंग रिपोस्ट’ने बेस गिटार, ड्रम आणि तबला घेऊन संतांचे अभंग वाजवले. त्यांचं कौतुक फ्यूजनसाठी होतं, पण खरी करामत तालाची आहे: टाळ-मृदंगाची चाल मोडू न देता ते तिच्याखाली फंकची लय सरकवतात. क्लबमधल्या गर्दीला हे चालतं आणि भजनाला सरावलेल्या कानालाही.

सगळ्यांत हुशारीने प्रश्न सोडवला तो हिपहॉपवाल्यांनी. त्यांना ड्रमसेट लागत नाही, ॲम्प्लिफायर लागत नाही, साउंड इंजिनिअरची मनधरणी करावी लागत नाही. एक स्पीकर आणि गोल करून उभी राहिलेली पंधरा पोरं, की झाला सायफर. तिकीट नाही, वयाची अट नाही. मुंबईच्या ‘स्वदेशी’मध्ये अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत रॅप करू लागला, त्यांच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर गायले. ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या मुलींच्या समूहात मराठीही वाजते. भाषा इथे सजावट म्हणून येत नाही. समोर उभा असलेला मुलगा प्रत्येक शब्द ऐकतोय, फसलेल्या यमकाला हसतोय, याचा तो धाक आहे. गेल्या दशकात बँडपेक्षा रॅपर वेगाने सुधारले ते याच धाकामुळे.

मराठी वाचकाला यात छबिलदास आठवणं अपरिहार्य आहे. १९७४मध्ये ‘आविष्कार’ने दादरच्या त्या शाळेचं सभागृह प्रायोगिक नाटकांसाठी घेतलं, आणि पुढची कैक वर्षं नाटकवाल्यांना पडायला, धडपडायला, पुन्हा उभं राहायला एक पत्ता मिळाला. प्रेक्षकाचा खर्च तिकिटाचा आणि गल्लीतल्या बटाटवड्याचा. लेखक, नट, समीक्षक एकाच जिन्यावर उभे राहून भांडत. बँडना असा जिना मिळाला नाही. अलाहाबादहून १९९३मध्ये निघालेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ त्यांची दखल घेई, पुढे ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती आली, मराठी वृत्तपत्रांत मात्र गावोगावच्या एकांकिका स्पर्धांना जेवढी जागा मिळते, तिचा दहावा हिस्साही बुधवारच्या गिगला नाही. टीका नाही म्हणून दर्जाचा वाद नाही, वाद नाही म्हणून बँड मित्रांच्या टाळ्यांवर दोन वर्षं जगतो आणि एकाची बंगळुरूला बदली झाली की मोडतो.

दुसऱ्या टोकाला पैसा वाहतो आहे. जानेवारी २०२५मध्ये ‘कोल्डप्ले’ने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री गाजवल्या. याच बँडने त्या वर्षीच्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा तिथल्या छोट्या जागांसाठी झटणाऱ्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ला द्यायचं ठरवलं होतं. तिथे स्टेडियमच्या तिकिटांवर त्यासाठी अधिभार असावा का, यावर संसदेच्या समितीत चर्चा झाली. इथे महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या ‘लोलापलूझा’त स्थानिक बँडना भर दुपारच्या उन्हातली वेळ मिळते, आणि ती मिळाल्याचा आनंद ते आठवडाभर पोस्ट करत राहतात. स्ट्रीमिंगकडून आशा धरावी तर स्पॉटिफायने २०२४पासून वर्षाला हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याचं मानधनच थांबवलं.

तेव्हा हिशेब पुन्हा तिकिटावरच येतो, आणि तो वाटतो तितका अशक्य नाही. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ‘कंट्रोल आल्ट डिलीट’च्या मंडळींनी मुंबईत प्रायोजकाविना, लोकवर्गणीतून गिग करून दाखवले, ‘सोफार साउंड्स’च्या मैफिलींत लोक जमिनीवर बसून, फोन खिशात ठेवून अनोळखी कलाकार ऐकतात. शंभर माणसं आणि ४०० रुपये तिकीट धरलं तर ४० हजार जमतात. साउंड, ड्रमसेटचं भाडं, टेम्पो, परवाने आणि जागा वजा जाता चौघांच्या हाती रिक्षाभाड्याहून थोडं जास्त उरेल. पण हे पैसे ऐकण्यासाठी दिलेले असतील, आणि सतरा वर्षांच्या मुलीलाही आत येता येईल. यासाठी लागणाऱ्या बिनदारूच्या खोल्या आज आहेत, मुंबईत महालक्ष्मीचं ‘जी फाइव्ह ए’, पुण्यात एरंडवण्याचं ‘द बॉक्स’. त्यांतली पुण्याची उभी केली आहे ती नाटकवाल्यांनी.