व्यापारी कायद्याचे स्रोत आणि ऊसतोडीची उचल : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
व्यापारी कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत इंग्लिश सामान्य कायदा, विधिमंडळाचे अधिनियम, न्यायनिवाडे आणि व्यापारी रूढी असे चार प्रमुख स्रोत सांगितले जातात. पहिल्या तिन्हींचे विवेचन विस्ताराने येते. रूढीची बोळवण मात्र बहुधा एका परिच्छेदात होते. ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये ही उणीव विशेष जाणवते.

रूढीचे स्थान :
भारतीय करार कायदा १८७२ सालचा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या बीडला तो १९५१ मध्ये लागू झाला. या कायद्याचे पहिलेच कलम त्याच्या तरतुदींशी विसंगत नसलेल्या व्यापारी रूढींना संरक्षण देते. त्यामुळे कोणती रूढी विसंगत ठरते, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी असावयास हवा.

उचलीचा करार :
हंगामापूर्वी मुकादम मजुराला उचल देतो व तोडणीच्या मजुरीतून ती फेडून घेतो. पती-पत्नी मिळून 'एक कोयता' हा श्रमाचा एकक. व्यवहार सामान्यतः पुरुषाशी ठरतो, श्रम मात्र दोघांचे बांधले जातात. कलम १० नुसार करारास पक्षांची मुक्त संमती आवश्यक आहे. मग पत्नीची संमती कोणी व केव्हा घेतली? दुष्काळी वर्षात घरात दाणा नसताना घेतलेल्या उचलीत मुकादमाचे वर्चस्व असते. त्याचा गैरवापर करून गैरवाजवी लाभ उकळला गेल्यास कलम १६ मधील अनुचित प्रभावाचा मुद्दा उपस्थित होतो. ही उदाहरणे सोडून पाठ्यपुस्तके लंडनच्या 'कार्बोलिक स्मोक बॉल' खटल्यावर थांबतात.

इतिहासाची दुसरी बाजू :
उचल आणि कायदा यांचा संबंध जुना आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५९ च्या अधिनियमाने आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कामगारास फौजदारी शिक्षेची तरतूद केली. तो १९२५ मध्ये रद्द झाला. स्वातंत्र्योत्तर काळात १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने वेठबिगारी लादणारी रूढी वा करार निरर्थक ठरविला. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक अगतिकतेतून किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर केलेले काम हेही सक्तीचे श्रमच मानले. स्रोतांचा हा प्रवाह इंग्लंडमधून आलेला नाही.

एक आक्षेप :
हा विषय कामगार कायद्याचा आहे, व्यापारी कायद्याचा नव्हे, असे म्हणता येईल. परंतु कारखाना, वाहतूकदार, मुकादम आणि मजूर ही आगाऊ रकमांची साखळी मुळात करारांचीच आहे. उचल घेऊन मजूर न आल्यास मुकादमही बुडतो. त्याचे नुकसान खरे असले तरी त्याची वसुली कलम ७३ व ७४ च्या चौकटीत, दिवाणी मार्गानेच होऊ शकते. मजुरास डांबून ठेवून नव्हे. हा भेद विद्यार्थ्यास कळणे, हेच या विषयाचे प्रयोजन होय.

निष्कर्ष :
व्यापारी कायद्याचे अध्यापन व्याख्या व कलमे यांपुरते राहिल्यास करार समान पक्षांतच होतात, असा समज दृढ होतो. बीडच्या वर्गात बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाव सोडतात. त्यांच्या घरातील करार पाठ्यपुस्तकात आल्याखेरीज स्रोतांची चर्चा पूर्ण होणार नाही.