बचावलेले जहाज आणि बुडवावयाचे जहाज : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील समुद्र व मालवणचे जलपर्यटन

प्रास्ताविक

अजिंठा आणि समुद्र ही दोन नावे एकत्र उच्चारण्याची आपल्याला सवय नाही. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील या लेणी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. तरीही त्यांच्या गावाजवळच्या डोंगरात, दोन क्रमांकाच्या आणि सतरा क्रमांकाच्या लेण्यांत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील समुद्र रंगविलेला आहे. दुसरीकडे गेल्या काही वर्षांत मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर पाण्याखाली उतरून समुद्रतळ पाहण्याचे, म्हणजेच स्कूबा डायव्हिंगचे पर्यटन वाढीस लागले आहे. समुद्राकडे पाहण्याच्या या दोन रीती शेजारी ठेवून, ‘पाहणे’ या कृतीविषयी त्या काय सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्णाचे जहाज : तळाला कथेत स्थान

लेणे क्रमांक दोनमधील प्रसंग पूर्ण अवदानातील आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. तो भिक्षू होतो. पुढे त्याचा भाऊ चंदनाच्या शोधात समुद्रपार जातो. चंदनवनाचा स्वामी असलेला यक्ष कोपतो आणि वादळ उठते. भावाने स्मरण करताच पूर्ण आपल्या सिद्धीच्या बळावर जहाजावर प्रकट होतो व सर्वांचे प्राण वाचतात. आणलेल्या चंदनातून बुद्धासाठी शूर्पारकात प्रासाद उभारला जातो.

चित्रातील तीन डोलकाठ्यांचे जहाज आणि त्यावर ओळीने मांडलेले रांजण यांची चर्चा नौकानयनाच्या अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. मात्र चित्रातील पाण्याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. चित्रकाराने समुद्राचा पृष्ठभाग व अंतर्भाग यांत भेद केलेला नाही. जहाज आपल्याला बाजूने दिसते आणि त्याच वेळी पाण्यातील जलचरही दिसतात. ही केवळ शैलीची सोय नव्हे. जे पाण्याखाली आहे ते कथेच्या बाहेर नाही, अशी ही भूमिका आहे. वरच्या माणसाचे भवितव्य खालच्या सृष्टीशी बांधलेले आहे, आणि म्हणून ती सृष्टी शोभेची नसून कथेतील पात्र ठरते.

आधुनिक मराठी कवितेतील समुद्र यापेक्षा वेगळा आहे. सावरकरांच्या 1909 सालच्या ब्रायटन येथील कवितेत तो विरहाचा श्रोता आहे. कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’मध्ये तो मानवी जिद्दीचा प्रतिस्पर्धी आहे. दोन्ही रचना थोर होत. पण त्यांतील समुद्र पृष्ठभागावरच थांबतो. त्याला तळ नाही आणि तळाला रहिवासी नाहीत.

सिंहल अवदान : रमणीय बेटाची कथा

सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवरील सिंहल अवदान आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज फुटते आणि तो सोबत्यांसह ताम्रद्वीपाला लागतो. तेथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, त्यांना घर व सुख देतात. प्रत्यक्षात त्या राक्षसी असतात. बलाह नावाचा अश्व सुटकेसाठी येतो. परंतु जे आसक्तीने मागे वळून पाहतात ते खाली पडतात आणि भक्ष्य होतात. पुढे राजा झालेला सिंहल सैन्य, हत्ती, घोडे नौकांत घालून बेटावर उतरतो व ते जिंकतो. बेटाला त्याचे नाव मिळते.

उष्ण कटिबंधातील रमणीय बेट हे आजच्या पर्यटन-जाहिरातीचे आवडते रूपक आहे. त्या बेटावर सर्व काही पाहुण्यासाठी असते. सिंहलकथा या स्वप्नालाच प्रश्न विचारते. तिच्यात नजर निरपराध नाही, पाहण्याला किंमत आहे. मात्र या कथेची मर्यादाही सांगणे समीक्षकाचे कर्तव्य होय. ती सर्वस्वी येणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. बेटावरील स्त्रियांना तीत मोहिनी किंवा राक्षसी याखेरीज तिसरे रूप नाही, आणि शेवटी जेत्याचे नाव बेटावर कोरले जाते. बाहेरून आलेल्याने स्थळाला नाव द्यायचे आणि तेथील माणसाने त्याच्या गोष्टीत दुय्यम व्हायचे, ही रीत पाचव्या शतकाबरोबर संपलेली नाही.

मालवण : स्थळ की वसतिस्थान?

मालवणजवळील कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. या किल्ल्याभोवतालच्या खडकाळ उथळ पाण्यात प्रवाळ आढळते. 1987 मध्ये येथील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली, ते पाणी एका अधिसूचनेने संरक्षित क्षेत्र झाले. पुढे पर्यटन आले आणि तेच पाणी ‘डाइव्ह साइट’ झाले. पाणी एकच आहे. त्याला पाहणारे डोळे व त्याला दिलेली नावे बदलत गेली. या पर्यटनाने किनाऱ्यावरील अनेक तरुणांना रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. प्रश्न रोजगाराचा नसून भाषेचा आहे. माहितीपत्रकांच्या भाषेत मासे ‘रंगीबेरंगी’ असतात, प्रवाळ ‘बाग’ असते आणि रापणकर बहुधा नसतोच. प्रवाळ हा सजीव आहे, तो अत्यंत मंद गतीने वाढतो, हाताच्या किंवा नांगराच्या आघाताने मोडतो आणि पाणी तापले की पांढरा पडतो. हे ज्ञान त्या भाषेत क्वचितच उतरते.

याच किनाऱ्यावरील आणखी एक योजना या संदर्भात अर्थपूर्ण आहे. भारतीय नौदलाची ‘गुलदार’ ही युद्धनौका 1985 मध्ये सेवेत आली व जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. निवती रॉकजवळ ती समुद्रतळाशी नेऊन तेथे पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळक्षेत्र निर्माण करण्यासाठी 2025 मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली. ‘गुलदार’ ही सैन्य व रणगाडे किनाऱ्यावर उतरविणारी नौका होती. म्हणजे सतराव्या लेण्यातील हत्ती वाहणाऱ्या नौकांशी तिचे नाते थेट आहे. दुसऱ्या लेण्यातील जहाज बुडू नये म्हणून पूर्ण धावला. हे जहाज पाहण्यासाठी बुडवावयाचे ठरले. अशा सांगाड्यावर प्रवाळ रुजते, मासे आश्रय घेतात, हे खरे आहे. तथापि नवे दृश्य निर्माण करता येते म्हणून जुन्या जिवंत प्रवाळाची जबाबदारी संपत नाही.

अजिंठ्याचा धडा

ही जबाबदारी अजिंठ्याला अनुभवाने कळलेली आहे. 1819 मध्ये जॉन स्मिथच्या दृष्टीस लेणी पडल्यानंतर चित्रांवर प्रेम करणाऱ्यांनीच त्यांची हानी केली. प्रतिकृती करताना रंग उठून दिसावेत म्हणून लावलेले वार्निश आणि 1920 नंतर निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणासाठी वापरलेली लाख कालांतराने पिवळी पडली. ती काढण्यासाठी पुढील पिढ्यांना श्रमावे लागले. आज फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी वाहने थांबवावी लागतात आणि लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. पाहण्याची हौस आणि पाहिलेल्याचे आयुष्य यांत संघर्ष असतो, हे येथे नियमांतून मान्य झाले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अजिंठ्याच्या चित्रकाराने पाण्यात न उतरता समुद्राचा तळ पाहिला, कारण तळाशी असलेल्यांना त्याने कथेत जागा दिली. आपण हवेची टाकी पाठीवर बांधून तळाशी जातो आणि बहुधा पृष्ठभागच पाहून परततो. मराठीत समुद्रतळाचे साहित्य घडायचे असेल, तर ते प्रवासवर्णनातील विशेषणांतून घडणार नाही. रापणकराची खडकांना असलेली नावे, प्रवाळाच्या वाढीचे शास्त्र आणि पाहणाऱ्याचे उत्तरदायित्व या तिन्हींची त्याला गरज आहे. दुसऱ्या लेण्यासमोर आमचे विद्यार्थी जहाजाकडे बोट दाखवितात. त्यांनी त्याखालील पाण्याकडेही पाहावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.