'नैतिक अधिकार' : एका संज्ञेची चिकित्सा

'हे चित्र कोणाचे?' या प्रश्नाला मराठीत तीन उत्तरे संभवतात : ज्याच्या भिंतीवर ते आहे त्याचे, ज्याचे त्यात दर्शन घडते त्याचे, अथवा ज्याने ते रंगविले त्याचे. षष्ठीचा एकच प्रत्यय तिन्ही संबंध वाहतो. व्यवहारात संदर्भावर निभावते. कायद्यात मात्र स्वामी आणि कर्ता यांतील भेद शब्दानेच दाखवावा लागतो. कलावंतांच्या हक्कांचे धोरण अभ्यासण्यासाठी जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत उमेदवारी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

इंग्रजी 'कॉपीराइट' हा शब्द प्रतीकडे पाहतो, फ्रेंच 'द्र्वा दोतर' कर्त्याकडे. आपला 'स्वामित्वहक्क' मालकीकडे. १८८६ च्या बर्न कराराला १९२८ साली रोम येथे एक पुरवणी कलम जोडण्यात आले. आर्थिक हक्क दुसऱ्यास दिल्यावरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेस बाध आणणाऱ्या विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार त्याने कर्त्याकडे राखला. यालाच फ्रेंचमध्ये 'द्र्वा मोराल' म्हणतात आणि आपण, इंग्रजीच्या वाटेने, 'नैतिक अधिकार'.

हे भाषांतर सदोष आहे. फ्रेंच 'मोराल' येथे नीतीचा वाचक नसून, भौतिकाहून वेगळे असे जे व्यक्तीच्या ठायी असते त्याचा वाचक आहे. उलट, मराठीत 'नैतिक जबाबदारी' म्हणजे न्यायालयात वसूल न होणारी जबाबदारी. अर्थात या संज्ञेमुळे कायद्याचा हक्क सौजन्याची अपेक्षा भासू लागतो. करारान्वये अर्थाविषयी मतभेद झाल्यास फ्रेंच पाठच प्रमाण मानावयाचा असल्याने हा दोष उपेक्षणीय नाही. १९५७ च्या भारतीय अधिनियमाने कलम ५७ मध्ये 'विशेष अधिकार' असा सावध शब्द योजला. परंतु विशेष कशामुळे, हे त्यातून उमगत नाही.

संज्ञेने काय साधते, असा आक्षेप घेतला जाईल. अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली उतरविण्यात आले व त्याची हानी झाली. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकारास परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला तो संज्ञेविना, हे मान्यच आहे. तथापि 'स्वामित्व' या शब्दाच्या चौकटीतून या घटनेकडे पाहिले, तर मालकाने आपली वस्तू हलविली, एवढेच दिसते. शिल्प शासनाने करवून घेतले होते. त्याचे कर्तेपण शासनाकडे कधीच गेले नव्हते.

'कर्तृत्वाधिकार' हा पर्याय सुचतो, परंतु 'कर्तृत्व' या शब्दाला मराठीत पराक्रमाचा अर्थ चिकटला आहे. म्हणून 'कर्तृनिष्ठ अधिकार' ही संज्ञा अभ्यासकांच्या विचारार्थ ठेवीत आहे. शब्द थोडा जड आहे खरा. परंतु कृती विकली गेल्यावरही जो हक्क कर्त्यापाशी उरतो, तो त्यात स्पष्ट दिसतो.